त्रिशला मगदूमचं पोट का उघडलं नाही

"सही केलीया बघा, डॉक्टर," अण्णाप्पा मगदूम म्हणाला. पण कागद काही त्याच्या हातातून सुटेना. एका बाजूनं मी धरलेला, दुसऱ्या बाजूनं तो. "उद्या नक्की उघडणार न्हवं?"

"उद्या सकाळी आठ वाजता."

"आत सडलंय ते सगळं काढणार?"

"जेवढं निघेल तेवढं."

"जेवढं निघंल तेवढं न्हाई. सगळं." मग त्यानं कागद सोडला. "मी जॉबर हाय. बंद पडलेला माग उघडल्याबिगर दुरुस्त हुईत न्हाई. एकोणीस दिवस झालं, तुमी बाहेरनंच बघताय."

खरं तर मलाही तेच म्हणायचं होतं.

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. इचलकरंजीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी मुख्य सर्जन होतो. साठ खाटा, दोन ऑपरेशन थिएटर, आणि चहूबाजूंनी यंत्रमाग. वॉर्डाच्या खिडक्या मागांच्या आवाजानं दिवसभर बारीक थरथरत असायच्या, आणि नवीन पेशंटला पहिले दोन दिवस झोप लागायची नाही. तिसऱ्या दिवशी लागायची. माझं वय तेव्हा एकोणसाठ.

अण्णाप्पा त्या मागांवरचा दुरुस्तीवाला, पंचेचाळिशीचा, हातांच्या रेषांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं. त्याची बायको त्रिशला घरी मशीनवर परकर शिवायची. तिच्या पित्ताशयात खडे होते. त्यातला एक घसरून नळीच्या तोंडाशी अडकला आणि स्वादुपिंड भडकलं. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं, पाठीच्या कण्यासमोर आडवं पडलेलं वीतभर इंद्रिय. अन्न पचवायचा रस तयार करणं हे त्याचं काम. पण ते बिघडलं की तो रस त्यालाच पचवायला लागतो. बहुतेकांचं आठवड्याभरात निवळतं. काहींचं मात्र अर्धंअधिक इंद्रिय मरतं, आणि मेलेला भाग पोटात तसाच राहतो.

त्रिशला या दुसऱ्यांपैकी. पहिल्या दहा दिवसांत तिची मूत्रपिंडं मंदावली, चार दिवस श्वासाच्या यंत्रावर काढले. त्यातून ती वर आली. सगळ्यांना हायसं वाटलं. सतराव्या दिवशी पुन्हा ताप चढला, आणि सीटी स्कॅनमध्ये त्या मेलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले. जंतू शिरले होते. अशा वेळी काय करायचं हे मला शिकवलं होतं आणि मी तेवीस वर्षं तेच करत आलो होतो: पोट उघडायचं, हातानं सडलेलं मोकळं करून बाहेर काढायचं, धुवायचं, पुन्हा दोन दिवसांनी उघडून पुन्हा धुवायचं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नीलोफर माझ्या खोलीत आली. डॉ. नीलोफर मुजावर आमच्याकडं येऊन सातच महिने झाले होते. जयसिंगपूरची मुलगी, चौतीस वर्षांची, दोन वर्षं हैदराबादेत पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिकून आलेली. राउंडला माझ्यासमोर ती कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"सर, मगदूमबाईंना उद्या नको उघडूया."

"का?"

"एकोणिसावाच दिवस आहे. अजून आत सगळं चिकटलेलं असणार. चांगलं कुठलं आणि मेलेलं कुठलं ते कळणार नाही. ओढलं की रक्त येईल."

"आणि ताप? तो थांबणार आहे का आपल्यासाठी?"

"डाव्या कुशीतून, पाठीच्या बाजूनं, स्कॅन बघत बघत एक जाड नळी घालू. पू निघून जाईल. ताप उतरला तर वाट बघू. नाही उतरला तर त्याच नळीच्या वाटेनं बोटभर चीर देऊन दुर्बिणीनं धुऊन काढू. आतडी जिथं असतात तिथं हातच लावायचा नाही." तिनं पिशवीतून कागदांची चळत काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. "हॉलंडमधल्या डॉक्टरांनी अठ्ठ्याऐंशी पेशंटांवर करून बघितलंय. निम्म्यांचं पोट उघडलं, निम्म्यांना आधी नळी. नळीवाल्यांतल्या एक तृतीयांश लोकांना पुढं काही करावंच लागलं नाही."

"आणि मेले किती?"

"मरणाऱ्यांचा आकडा दोन्हीकडं जवळजवळ सारखा आहे, सर."

"मग झालं तर."

"मरणाऱ्यांचा सारखा आहे. जगणाऱ्यांचं सारखं नाही. उघडलेल्यांमध्ये नंतर हर्निया, मधुमेह, शरीराचं एकेक इंद्रिय बंद पडणं, सगळं जास्त."

"नीलोफर, मागच्या सात महिन्यांत तू अशी किती केलीस?"

"इथं एकही नाही. हैदराबादला नऊ बघितली. दोन स्वतः केली."

"दोन."

"हो, सर."

मी कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि भाकरीचा तुकडा मोडला. "सही झालीय. आठ वाजता ये. तू माझ्यासमोर उभी राहा."

ती गेली. मला ती आवडत होती, आणि त्या दुपारी तिचा रागही आला होता.

राग यायला कारण होतं. दहा महिन्यांपूर्वी, नीलोफर यायच्या आधी, मी कुबेर चौगुले नावाच्या एका एसटी ड्रायव्हरचं पोट उघडलं होतं. छत्तीस वर्षांचा, छाती एवढी रुंद. त्याला हाच आजार. पहिल्या दिवशी मी त्याच्या पोटातून दोन वाट्या काळपट चोथा काढला आणि मला वाटलं, जिंकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतलं. पाचव्या दिवशी पुन्हा. पोट इतकं सुजलं की मिटेना, म्हणून कडेला प्लास्टिक शिवून ते तसंच झाकून ठेवलं. सातव्या वेळी आतडं फाटलं. त्यानंतर रोज सकाळी त्याचं ड्रेसिंग, आणि ते मी कोणावर सोपवलं नाही. तासभर लागायचा. बाहेर त्याची बायको उभी असायची आणि मी आलो की एकच विचारायची, "आज मिटणार का?" पोट मिटणार का, असं. मी म्हणायचो, आज नाही. अठ्ठावन्न दिवस तिनं विचारलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी तो गेला. तेव्हाही ती म्हणाली, "आता तरी मिटा."

तो गेल्यावर मी स्वतः बसून टाके घातले.

नीलोफर बोलली त्या संध्याकाळी मी त्रिशलाला बघायला गेलो. मार्था सिस्टर, आमच्या वॉर्डाच्या जुन्या परिचारिका, तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. मिरजेला शिकलेल्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान, माझ्याइतकीच वर्षं त्याच इमारतीत. त्रिशलाच्या नाकात नळी, ओठ कोरडे. डोळे मात्र टवटवीत.

"उद्या करणार?" तिनं विचारलं.

"हो."

"मग किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हंजे किती?" तिनं डोळे मिटले. "डॉक्टर, एक काम करा. यांना घरी पाठवा. सारखं त्या सलाईनच्या थेंबाकडं बघत बसत्यात. मोजत्यात का काय, कुणाला ठाऊक. मला झोप येईना त्यांच्यापायी."

मार्था सिस्टर हसल्या. मीही हसलो. बाहेर व्हरांड्यात अण्णाप्पा बाकावर बसला होता, त्याला घरी जायला सांगितलं. तो उठला, जिन्यापर्यंत गेला, आणि परत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी थिएटरच्या बेसिनपाशी उभा होतो. आतमध्ये त्रिशला टेबलवर होती, भूल अजून द्यायची होती. नीलोफर माझ्या शेजारच्या नळावर. कोपरापर्यंत साबण लावून मी हात धूत होतो. हात वर धरले, पाणी कोपरांवरून निथळलं. पुन्हा साबण घेतला. पुन्हा धुतले. नीलोफरचे धुऊन झाले तरी माझे चालूच होते.

मग मी कोपरानं नळ बंद केला.

"नीलोफर," मी म्हणालो, "तुझं म्हणणं पटलं मला. नळी घालू."

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडावर मास्क, त्यामुळं फक्त डोळे दिसले. "आज? आत्ता?"

"स्कॅनवाल्यांना फोन कर. त्यांना आत्ता जमत असेल तर आत्ता."

दारात मार्था सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन भूलतज्ज्ञांना थांबायला सांगितलं आणि त्रिशलाच्या अंगावर पांघरूण घातलं. मी कपडे बदलून व्हरांड्यात गेलो, अण्णाप्पाला सांगायला.

तो उठून उभा राहिला. "झालं?"

"नाही केलं."

"म्हंजे?"

"आधी कुशीतून नळी घालतोय. पू काढतोय. पोट उघडायचं ते नंतर बघू."

"काल तुमी उघडतो म्हणालासा."

"म्हणालो होतो."

"मग रातीत काय बदललं?"

"डॉक्टरांमध्ये चर्चा झाली. नव्या पद्धतीत धोका कमी आहे."

तो बाकावर परत बसला. मग म्हणाला, "त्या नव्या बाईंनी सांगितलं व्हय?"

"निर्णय माझा आहे."

हे मात्र खरं होतं.

नळी दहा वाजता घातली. स्कॅनच्या मशीनमध्ये त्रिशलाला उजव्या कुशीवर झोपवलं, डाव्या बरगड्यांखाली जागा बधिर केली. नळी आत गेली आणि बाटलीत करड्या रंगाचा घाण वासाचा पू येऊ लागला. तासाभरात अर्धी बाटली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्रिशला म्हणाली, ताक पाहिजे. वॉर्डात उत्सवासारखं वातावरण झालं. अण्णाप्पानं नीलोफरला नमस्कार केला आणि मला पेढा दिला.

नळी रोज तीन वेळा सलाईननं धुवायची होती. मार्था सिस्टरनी ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. आत ढकललेलं पाणी जेवढ्यास तेवढं बाहेर येतंय का, हे त्या वहीत लिहीत. कधी नळी तुंबायची, मग नीलोफर येऊन ती हळूहळू मोकळी करायची. मी राउंडला उभा राहून बघायचो. माझ्या हाताला काही काम नव्हतं. असं रिकामं उभं राहायची मला सवय नव्हती, आणि ते इतकं सुखाचं असेल असं वाटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी ताप पुन्हा आला. सातव्या दिवशी वाढला. नाडी एकशेतीस, त्रिशला बरळायला लागली. शिवणाच्या मशीनवर बसल्यासारखे तिचे पाय चादरीत हलत होते.

अण्णाप्पा मला जिन्यात भेटला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कुणाच्या शिकण्याला माझी बायको घावली का, डॉक्टर?"

"अण्णाप्पा, तसं नाही."

"मग कसं हाय ते सांगा. तुमी वीस-पंचवीस वर्षं पोटं उघडताय. गावात कुणालाबी इचारलं तर तुमचं नाव घेत्यात. मी तुमच्या हातावर सही केली. नळीवर न्हाई."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. तो बाजूला झाला.

नीलोफर माझ्या खोलीत उभीच होती. डोळ्यांखाली काळं. सहा दिवस ती घरी फक्त आंघोळीला जात होती.

"सर," ती म्हणाली, "उघडूया का?"

"तू विचारतेस?"

"मला वाटलं होतं नळीवर भागेल. नाही भागलं. काही झालं तर मी... आपण उघडू. तुम्ही उघडा. मी हात देते."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला कुबेर चौगुलेची बायको आठवली. मी ड्रॉवर उघडला. तिचे कागद तिथंच होते, घडीसुद्धा न मोडलेले.

"तासाभरानं ये," मी म्हणालो.

तो तास मी वाचत बसलो. इंग्रजी वाचायला माझा वेग कमी आणि आकड्यांचे तक्ते आले की डोळे घसरायचे. पण शेवटपर्यंत वाचलं. नळीनं तीन दिवसांत उतार नाही तर काय, दुसरी नळी कधी, चीर कुठं, किती लांब, आत काय ओढायचं आणि काय सोडून द्यायचं. मग मी विचार केला आणि मला पहिल्यांदा खरंच पटलं. त्रिशला सव्विसाव्या दिवसावर होती. नळीनं सहा दिवस कमावून दिले होते. तेवढ्यात आतली सडकी गाठ थोडी तरी सुटी झाली असणार. आता पुढची पायरी चढायची, मागं फिरायचं नाही.

नीलोफर आल्यावर मी म्हणालो, "उद्या कुशीतून चीर. तू करायचं. हात मी देतो."

मूतखडे काढणाऱ्या डॉक्टरांची दुर्बीण मागून आणली. त्रिशलाला भूल दिली, अर्धवट कुशीवर वळवलं. नळीच्या बाजूनं नीलोफरनं पाच सेंटिमीटरची चीर दिली आणि नळीच्या मागोमाग आत शिरली. मी दुर्बीण धरली होती. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताखाली उभा होतो, तेही माझ्या मुलीच्या वयाच्या बाईच्या. पडद्यावर पोकळी दिसली, धुकट पाण्यानं भरलेली, आणि तिच्यात भिजलेल्या बोळ्यांसारखे करडे-काळे तुकडे लोंबत होते. ती चिमट्यानं एकेक धरायची, हलकेच हलवायची. सुटला तर घ्यायचा. नाही सुटला तर सोडून द्यायचा.

"तो मोठा घे," मी म्हणालो.

"तो अजून चिकटलाय, सर."

"थोडा ओढ."

"नको."

माझा हात शिवशिवत होता. उघड्या पोटात असतो तर मी बोटानं तो काढला असता. आणि कदाचित त्याच्या मागची रक्तवाहिनीही फोडली असती. तिनं तो राहू दिला. दीड तासात तिनं वाटीभर काढलं आणि थांबली. दोन जाड नळ्या घातल्या, सतत पाणी सोडून धुवायला. सहा दिवसांनी पुन्हा आत गेली, तेव्हा तो मोठा तुकडा आपोआप सुटून पाण्यात तरंगत होता.

तिसऱ्यांदा जावं लागलं नाही.

पण हे काही चमत्कारासारखं झालं नाही. ताप हळूहळू गेला, कोणत्या दिवशी गेला ते सांगता येणार नाही. त्रिशला एकाहत्तर दिवस आमच्याकडं होती. सगळे थकले होते. मार्था सिस्टरनी मध्ये तीन दिवस रजा घेतली आणि घरी नुसत्या झोपून राहिल्या. अण्णाप्पा बाकावर बसून बसून वाळला, मागाचं काम त्यानं भावाकडं सोपवलं होतं. जाताना त्रिशलाच्या कुशीतल्या भोकातून पाणी झिरपतच होतं. पुढं साडेतीन महिने झिरपलं, मग बंद झालं. जेवताना पाचक गोळ्या घ्याव्या लागायच्या आणि साखर थोडी वाढली ती वाढलीच. पण पोटावर एकही व्रण नव्हता. वर्षभरानं दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. ती परकर शिवायला लागली.

त्या वर्षी डॉक्टरांच्या संघटनेच्या सभेत नीलोफरनं ही केस मांडली. शेवटी म्हणाली, आपली तेवीस वर्षांची पद्धत सोडून नवी स्वीकारायला मनाचा मोठेपणा लागतो, तो सरांनी दाखवला. टाळ्या झाल्या. मला उठून उभं राहावं लागलं. लोक अजूनही कधी लग्नकार्यात भेटले तर त्या नळाची गोष्ट सांगतात. हात धुता धुता हेरवाडकर डॉक्टरांनी निर्णय फिरवला म्हणून. मी ऐकून घेतो.

नीलोफरला मी खरं सांगितलं ते गेल्या वर्षी. निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली होती. एके सकाळी दहाच्या सुमाराला ती घरी आली, न सांगता. आता तीच तिथं मुख्य. केस पांढरे झालेले, ते ती रंगवत नाही. बायकोनं चहा ठेवला आणि ती भाजी आणायला गेली.

नीलोफरनं कप उचलला नाही. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "सर, त्या दिवशी नळापाशी तुम्हाला काय पटलं होतं? मी कधी विचारलं नाही. रात्री वाचलं होतं का ते?"

मी खोटं बोलू शकलो असतो. बारा वर्षं बोललोच होतो.

"वाचलं नव्हतं," मी म्हणालो. "ते सहा दिवसांनी वाचलं. त्या दिवशी मी दमलो होतो."

मी पुढं सांगत गेलो.

"हात धूत होतो. तेव्हा मनात आलं, आज तीन तास. परवा पुन्हा. मग पुन्हा. मग पोट मिटणार नाही. मग रोज सकाळचं ड्रेसिंग आणि तिचा नवरा दारात. कुबेर चौगुलेचं सगळं पुन्हा एकदा. भीती नव्हती, नीलोफर. मरेल अशीसुद्धा भीती नव्हती. नुसतं वाटलं की आपल्याच्यानं होणार नाही. हात उचलवेना. तू काय म्हणत होतीस ते खरं आहे का खोटं, याचा मी विचारही केला नाही. तू एक दार दाखवलंस आणि मी त्यातून पळालो. नळ बंद केल्यावर इतकं हलकं वाटलं, की मला लाज वाटली."

"पण ती वाचली."

"ती वाचली. ते तुझ्यामुळं आणि तिच्या नशिबानं. मी दमलेलो नसतो तर उघडलं असतं."

नीलोफर कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "जानेवारीत एक शिक्षक आले होते. कोंडिग्रेचे. हाच आजार. नळी घातली, दोनदा दुर्बिणीनं धुतलं. बत्तीस दिवस. रोज वाटायचं उद्या उतरेल. रोज त्यांची बहीण विचारायची, अजून किती. रोज मी सांगायची, थांबू. थांबू, थांबू. एका सकाळी मला तो शब्द तोंडातून काढवेना." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी पोट उघडलं, सर."

"गरज होती?"

"कागदावर आहे. मी लिहिलंय तसं. कोणी बोट ठेवणार नाही." तिनं बोट कपावरून काढलं. "आणखी चार दिवस थांबता आलं असतं. माझ्यानं आणखी थांबवेना. काहीतरी करून एकदाचं संपवायचं होतं. सातव्या दिवशी ते गेले."

खिडकीबाहेर माग चालू होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं. असं होतं, आपण माणसंच, तुझी चूक नाही, असलं काहीतरी. ते सगळं मला कुबेर चौगुले गेला तेव्हा लोकांनी सांगितलं होतं.

"तू त्या बहिणीला काय सांगितलंस?"

"सांगितलं की सगळे प्रयत्न केले."

"हं."

"तुम्ही दमलात म्हणून थांबलात. मी दमले म्हणून उघडलं." तिनं थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला, औषध प्यावं तसा. "आत्ता वॉर्डात अजून एक आहे. बाई आहे, पन्नाशीची. तेविसावा दिवस. कालपासून ताप आहे, पण नळी अजून चालतीय. मला वाटतंय थांबावं. पण मला वाटतंय यावर माझा विश्वास राहिला नाही. रात्रभर ठरवत होते. मी आजही दमलेय, सर. म्हणून आलेय. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बघायला चला."

"माझं वय किती झालं ठाऊक आहे का तुला? हात कापतात माझे."

"हात नकोत."

मी उठलो. चष्मा शोधला, पायात चपला अडकवल्या, दाराला कडी लावली. जिन्यात ती माझा हात धरायला पुढं झाली.

"राहू दे," मी म्हणालो. "काल रात्री मी नीट झोपलोय. चल, स्कॅन आधी दाखव मला. आणि मग तू घरी जा."